तीनशेतलं एक घर

आमच्या खाणवस्तीत साहेबासमोर बोलायला कुणाचीच जीभ वळत नाही. म्हणून कुणी साहेब येणार असला की आम्ही चिठ्ठ्या टाकतो. नळाजवळच्या ओट्यावर पत्र्याचा डबा, त्यात अडतीस घरांच्या अडतीस चिठ्ठ्या. ज्याची निघेल त्याने पुढे व्हायचं. पण बोलायचं ते सगळ्यांचं, स्वतःचं एक अक्षर मध्ये घालायचं नाही. एकदा माझ्या दिराची चिठ्ठी निघाली. त्याने पाण्याच्या साहेबाकडे नळाबरोबर स्वतःच्या घरावर दोन पत्रेही मागितले, तर वस्ती दोन महिने त्याच्याशी बोलत नव्हती.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

त्या उन्हाळ्यात खाणीची मुदत संपत आली होती. वाढवून द्यायची की नाही हे वरचे लोक ठरवणार होते. त्याआधी क्रशरच्या शेडमध्ये एक सभा झाली. मुकादम बाकावर चढला आणि म्हणाला, "खाण चालू राहावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." झाडून सगळ्यांचे हात वर. माझाही. नवरा माझ्या पुढेच उभा होता. त्याने एक हात वर केला आणि दुसरा तोंडावर धरून खोकत राहिला. मुकादमाने हात मोजलेसुद्धा नाहीत.

नवरा सतरा वर्षं ड्रिलवर आहे. दगडाला भोकं पाडायची, मग त्यात सुरुंग भरतात. भोक पाडताना दगडाचं पीठ उडतं, मैद्यासारखं बारीक. मागच्या थंडीत त्याच्या छातीचा फोटो काढला. डॉक्टरने तो खिडकीकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "हे काम सोडा." नवरा म्हणाला, "सोडून करू काय?" त्यावर डॉक्टरने खोकल्याचं औषध लिहून दिलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा होता. खाण बंद पडली तरच हा माणूस ड्रिल हातातून खाली ठेवेल, नाहीतर ठेवायचा नाही. आणि बंद पडली तर खायचं काय, हे मला ठाऊक नव्हतं. खोटं कशाला बोलू?

सभेतले हात वरच्यांना पटले नाहीत म्हणे. त्यांनी घरोघरी माणसं पाठवायचं ठरवलं. सगळ्या घरी नाही हं. आसपासची अकरा गावं, चार हजारांवर घरं, त्यातली तीनशे. कुठली, तर यादी घेऊन आकडे सोडतीने काढलेले.

सोमवारी सकाळी ती आली. पोरसवदा बाई, उन्हाने तोंड लाल झालेलं, पाठीला पिशवी, हातात फॉर्मांचा गठ्ठा. वस्तीने लगेच तिचं नाव फॉर्मवाली ठेवलं. अडतीसातली दोनच घरं तिच्या यादीत होती. एक आमचं आणि एक आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं, गवयाचं.

गवई क्रशरच्या तोंडात दगड टाकायचा आणि टाकताना गायचा, म्हणून त्याला गवई म्हणायचे. शेवटच्या वर्षात त्याला बोलतानाही धाप लागायची. पाच महिन्यांपूर्वी तो गेला. त्याची बायको कुलूप घालून भावाकडे राहायला गेली, तिकडे डोंगरापलीकडच्या गावात. यादीत मात्र गवयाचं नाव जसंच्या तसं होतं. फॉर्मवालीने कुलूप हलवून पाहिलं आणि फॉर्मावर खूण केली.

"मी परत येईन," ती म्हणाली. "एकेका घराला तीन फेऱ्या. तिसरीलाही बंद असलं तर 'घर बंद' असं लिहायचं."

"शेजारचं घ्या की त्याच्याऐवजी," मुकादम म्हणाला. बाहेरचं कुणी आलं की याला वास लागतो. "हे इकडचं घर घ्या. माणूस हुशार आहे, नीट बोलेल."

"नाही घेता येत. निघालेलंच घर हवं."

"अहो, घर ते घर!"

"तसं केलं ना, तर जो घरात सापडतो, जो बोलका असतो, त्याचंच म्हणणं माझ्याकडे जमत जाईल," ती म्हणाली. नीट बोलणाऱ्या माणसाचं कुणाला इतकं वावडं असेल असं मुकादमाला वाटलं नव्हतं. तो पान थुंकायला बाजूला गेला.

मग ती आमच्या दारात आली. नवरा अंगात सदरा घालून तयारच होता. "विचारा," म्हणाला.

"तसं नाही. घरात अठराच्या वरचे किती जण?"

तिघं. नवरा, मी आणि सासू. मुलगी बारा वर्षांची, ती धरायची नाही. फॉर्मवाली म्हणाली, तिघांत ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येतो त्याला विचारायचं, तसा नियम आहे. आता आली का पंचाईत! आमच्यात जन्मतारीख कुणाला ठाऊक? शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्यांना शाळा उघडायच्या दिवसाची तारीख लावली. सासू तर शाळेतही गेली नाही, तिच्या कार्डावर मुलाचीच तारीख बघून चढवलेली. तिघांचा एकच दिवस.

फॉर्मवालीने कपाळाला हात लावला. मग पिशवीतला कोरा कागद फाडून तीन चिठ्ठ्या केल्या आणि माझ्या मुलीला एक उचलायला सांगितली. माझी निघाली.

"हिला काय विचारता?" नवऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "घर मी चालवतो. हिला खाणीतलं काय कळतं?"

"काय कळतं?" मी म्हटलं. "अकरा वर्षं खडीची घमेली वाहते ती काय देवळात?"

"तू गप गं."

फॉर्मवाली मान खाली घालून माझं नाव लिहीत राहिली. माझ्या कामाची वेळ झाली होती. तिने गुरुवारी दुपारी यायचं कबूल केलं. नवरा त्या दिवशी सदरा न काढताच कामावर गेला.

मंगळवारी पहाटे मी नळावर गेले, तर बाया माझीच वाट बघत होत्या. चिठ्ठी माझी निघाली म्हणजे बोलायचं मी, आणि बोलायचं सगळ्यांचं. रीतच ती. एकीने सांगितलं, तिच्या पोरीचं लग्न ठरलंय, खाण चालू म्हणून ठासून सांग. दुसरी म्हणाली, शेडमध्ये पंखे मागून घे. लॉरी भरणाऱ्याच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "पाठ आहे ना गं तुला? म्हणून दाखव बघू."

"अहो मावशी, ती आपल्या चिठ्ठीसारखी चिठ्ठी नाहीये," मी म्हटलं. "ती ज्याचं त्याचं विचारणार आहे."

"ज्याचं त्याचं म्हणजे?" मावशींना खरंच कळलं नाही. "मग तुलाच का विचारते? आम्हाला नाही का तोंड?"

मी हंडा उचलला आणि घरची वाट धरली.

कामावर गेले, तर मुकादमाने माझं घमेलं काढून घेतलं. "आजपासून चाळणीवर बस," म्हणाला. चाळणीचं काम सावलीतलं, त्यासाठी बाया वर्षानुवर्षं मिनतवाऱ्या करतात. मी बसले. लाज वाटली, पण बसले. मानेला, पाठीला इतकं बरं वाटलं की त्याचीही लाज वाटली. मुकादम एवढंच म्हणाला, "गुरुवारी नीट बोल. आपलं सगळ्यांचं पोट आहे." आवाज चढवला नाही त्याने. त्याचंही पोट त्यातच होतं.

त्याच दिवशी खडी तपासायला रस्त्याच्या कामावरचा साहेब आला. खडी एकसारखी आहे का, त्यात माती नाही ना, हे बघायला तो ढिगातून बादलीभर खडी नेतो. मुकादम दर वेळी फाटकाजवळ एक धुतलेला, निवडलेला ढीग घालून ठेवतो आणि साहेबाला बोलत बोलत तिथे उभा करतो. आधीचा साहेब तिथलीच बादली भरून घ्यायचा. हा नवीन होता. त्याने खिशातून चिठोरं काढलं, त्यावरचे आकडे वाचून पावलं मोजली आणि जिथे पाऊल थांबलं तिथे खोरं मारलं. मग दुसरीकडे, मग पार मागच्या बाजूला. वरची खडी बाजूला सारून आतलीही घेतली, कारण ढीग ओतताना मोठे दगड गडगडत पायथ्याशी येतात आणि बारीक चुरा पोटात राहतो. मुकादमाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मला हसू दाबता येईना.

चाळणी हलवता हलवता मी तेच घोळवत बसले. सोमवारी मुकादम फॉर्मवालीला शेजारचं घर दाखवत होता ते हेच, फाटकाजवळचा ढीग. ती मोजलेल्या पावलावर थांबली. बरं वाटलं मला. पण चाळणीखालचं पीठ वाऱ्याबरोबर उडत होतं, माझ्या डोळ्यांत जात होतं, आणि मला वाटलं, साहेब कितीही पावलं मोजो, हे जे उडून गेलं ते त्याच्या बादलीत कसं येणार? ते ढिगात नाहीच मुळी. ते गवयाच्या छातीत गेलं. गवयाच्या घराला कुलूप. फॉर्मवाली तीनदा येईल, तीनदा कुलूप बघेल आणि लिहील, घर बंद. ज्यांनी सगळ्यात जास्त सोसलं, तेच यादीतून गळणार. मला इतका संताप आला की चाळणी हातातून सुटली.

बुधवारी खाणीला सुट्टी असते. मी सासूला म्हटलं, "आत्याबाई, मी गवयाच्या बायकोला आणायला जाते."

"कशाला?"

"तिचं घर निघालंय. काल दुसरी फेरी झाली, उद्या तिसरी आहे."

सासूने भाकरीची टोपली पुढे सरकवली. "भाकरी बांधून घे," म्हणाली.

डोंगर चढून उतरायला तीन तास लागले. गवयाची बायको भावाच्या अंगणात शेणी लावत होती. अंगणात खडीची एक लॉरी उभी होती, तिच्या सावलीत आम्ही बसलो. मी सगळं सांगितलं. यादी, तीन फेऱ्या, तीनशे घरं. म्हटलं, "वहिनी, तुम्ही बोलला नाहीत तर गवईभावोजी नुसतेच गेले असं होईल. चला."

ती हात धुऊन आली. "येते," म्हणाली. वाटेत फारसं बोलली नाही. माझंच तोंड चालू होतं. खरं सांगायचं तर मला एकटीला भीती वाटत होती. तिने 'बंद करा' म्हटलं की मग मी म्हटलेलं तितकं एकटं पडणार नाही, असं माझ्या मनाने धरलं होतं.

गुरुवारी दुपारी वारा पडला होता, पत्रे तापून कडकड वाजत होते. गवयाचं दार उघडं बघून फॉर्मवाली दारातच थबकली. तिने विचारलं, "घर कधीपासून बंद होतं?"

"पाच महिने," गवयाची बायको म्हणाली.

फॉर्मवालीने बोटांवर महिने मोजले. "सहा महिन्यांच्या आत असलं तर घर धरता येतं. चालेल." गवयाच्या नावावर तिने बारीक रेघ मारली आणि त्याच्याखाली बायकोचं नाव लिहिलं. मग दोघी आत गेल्या, दार लावून घेतलं. बाहेर अर्धी वस्ती उभी. पंधरा मिनिटांनी दार उघडलं. फॉर्मवाली आमच्या घराकडे वळली. मी वहिनींना कोपऱ्यात ओढलं.

"सांगितलं?"

"सांगितलं. चालू ठेवा म्हटलं."

"वहिनी! अहो, माणूस गेला तुमचा!"

"गेला. आता मी भावाच्या ताटात जेवते. भाऊ खडीची लॉरी चालवतो. काल तिच्याच सावलीत बसलो होतो आपण." ती चिडली नव्हती, तेच मला सहन होईना. "तू काल इतकं बोललीस, पण मला काय वाटतं ते एकदाही विचारलं नाहीस. तुला माहीत होतं ना मी काय म्हणणार ते? मग मला तीन तास चालवलंस कशाला? तूच लिहून टाकायचंस."

तोंडात मारल्यासारखं झालं. नळावरच्या मावशी माझ्याकडून पाठ करून घेत होत्या, मुकादमाने सावली दिली, आणि मी काय वेगळं केलं होतं? तरी माझ्या मनातला राग जाईना. तिच्यावरचा नाही. ती चालू ठेवा म्हणाली तेही खाणीनेच तिच्याकडून म्हणवून घेतलं होतं, आणि फॉर्मावर त्याची एक बारीक खूण उमटणार होती, बाकी काही नाही.

फॉर्मवालीने नवऱ्याला आणि सासूला बाहेर बसायला सांगितलं. नवरा जाताना म्हणाला, "नीट बोल." आत ती आणि मी. पत्र्याच्या भिंतीपलीकडे माणसांचे पाय वाजत होते.

"एक विचारू?" मी हळूच म्हटलं. "डोंगरापलीकडच्या माणसाला खाणीचा नुसता धडाम ऐकू येतो. त्याचं म्हणणं एक आणि माझंही एकच?"

"हो. एकास एक."

"आणि माझ्या घरातला खोकला?"

तिने फॉर्म उलटून पाहिला. "तो कुठे लिहायचा ते या फॉर्मात नाही," ती म्हणाली. "पण सभेत तुम्ही हात वर केला होतात ना? इथे कुणी बघत नाही. एवढंच मी देऊ शकते." मग तिने फॉर्म फिरवून माझ्यापुढे ठेवला, पेन दिलं. "बोलू नका. पत्र्याला कान असतात. तुम्हीच खूण करा. वरचं नाव मी फाडून वेगळं ठेवते, मलाही कळणार नाही कुणाचं कुठलं."

चार चौकटी होत्या. चालू ठेवावी. बंद करावी. काही अटींवर चालू ठेवावी. सांगता येत नाही. मला वाचता येतं, चौथीपर्यंत शिकलेय. पेन माझ्या हातात घसरत होतं. बाहेर नवरा खोकला. मुलीची फी, चाळणीची सावली, नळावरच्या बाईच्या पोरीचं लग्न, वहिनीचं ताट, सगळं माझ्यापुढे आलं. कुणासाठी खूण करायची? आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला, फक्त मला, विचारत होतं, आणि मला एकटीने उत्तर द्यायची सवयच नव्हती. मग मी दुसऱ्या चौकटीत खूण केली. बंद करावी. रेघ सरळ आली.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी घेरलं. "काय सांगितलंस?"

"सगळ्यांनी सांगितलेलं सांगितलं," मी म्हटलं. पंख्यांचंही सांगितलं म्हटलं. धडधडीत खोटं. शुक्रवारी मुकादमाने मला पुन्हा घमेलं दिलं. काम झालं होतं त्याचं.

दीड महिन्याने निकाल आला. मुकादमाने शेडमध्ये वाचून दाखवला. शंभरातले अडुसष्ट म्हणाले चालू ठेवा. तेवीस म्हणाले बंद करा. बाकीचे इकडचे तिकडचे. खाली बारीक अक्षरात होतं की तीनशेपैकी एकेचाळीस घरं तिन्ही फेऱ्यांना बंद मिळाली. ते मुकादमाने वाचलं नाही, कागद भिंतीला चिकटवल्यावर मी वाचलं. एकेचाळीस कुलपं. त्यांच्या मागे काय होतं ते मी आता सांगणार नाही, शिकलेय मी. पण कुणीतरी जाऊन विचारायला हवं होतं.

खाण दहा वर्षांसाठी वाढवून मिळाली. मुकादमाने पेढ्यांचा पुडा फोडला. "ते तेवीस दुसऱ्या गावांतले," तो म्हणाला. "आपल्यात कुणी नाही." सगळे हसले. मी पेढा तोंडात धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. सभेत एकही हात खाली नव्हता आणि कागदावर शंभरात तेवीस निघाले. नवऱ्याबरोबर ड्रिलवर असणाऱ्या काकांनी माझी नजर चुकवली की मला तसं वाटलं, कुणास ठाऊक.

संध्याकाळी नवरा मोरीपाशी पाय धूत होता. मी तांब्याने पाणी ओतत होते. त्याच्या पिंढऱ्यांवरून पांढरा गाळ ओघळत होता.

"शंभरात तेवीस," तो म्हणाला. "कोण असतील गं?"

मी म्हणणार होते, असतील कुणीतरी. पण दीड महिना मी गप्प राहिले होते आणि माझा जीव अगदी विटला होता.

"एक मी," मी म्हटलं.

त्याने वर पाहिलं नाही. पाय चोळायचे थांबवले. मला वाटलं, आता तांब्या हिसकावून फेकतो की काय. मग त्याला खोकला आला, लांबलचक, भिंतीला हात टेकून खोकला तो. खोकला थांबल्यावर त्याने ओल्या हाताने तोंड पुसलं.

"बरं झालं मला नाही विचारलं," तो म्हणाला. "मी चालू ठेवा म्हणालो असतो."